पाण्याचा हिशेब मागू या



गेल्या चैत्रात आमच्या वाडीची विहीर आटली. टँकर आला की हंड्यांची रांग लागायची. समोरच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, 'पाणी वाचवा.' आम्ही तर घोटघोट वाचवतोच. पण वरच्या शिवारात उसाला पाणी चाललं होतं, त्याचं काय?

१९७६च्या घटनादुरुस्तीनं निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आणि सरकारचंही. म्हणजे जबाबदारी दोघांची.

हिवरे बाजारनं ती निभावून दाखवली. आदर्श गाव योजनेतून सरकारनं पैसा दिला. गावानं श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर बंद केले. तिथं दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी प्यायचं पाणी, मग पिकं ठरतात.

भिंतीवरच्या अक्षरांनी माणूस जबाबदार होत नाही. हिशेब समोर ठेवून त्याला विचारलं, तर होतो. सरकारनं तेवढं करायला हवं.

ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची, असा आपल्या राज्यात कायदा आहे. आमच्याकडे मात्र रजिस्टर घरी यायचं, सह्या घेऊन जायचं. यंदा गटातल्या आम्ही बारा जणींनी सह्या केल्या नाहीत. सभा घ्यायला लावली आणि विचारलं, "पाऊस किती झाला? गावात बोअर किती?" उत्तर मिळालं नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला. पुढच्या सभेला आम्ही पुन्हा जाणार आहोत.

तुमच्या गावातही विचारा.