बिशपच्या पुस्तकात राहून गेलेला 'डा'

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट ओलांडला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. इकडं येणार असाल तर हा भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. जंगलात रेंजचा भरवसा नाही!

आज गोष्ट एका बिशपची. नाव एअर चॅटर्टन. माणूस आयर्लंडचा, अँग्लिकन चर्चचा. आधी काही वर्षं डब्लिन विद्यापीठाच्या मिशनमधून छोटा नागपूर भागात, हजारीबागला होता. १९०३ साली तो नागपूरचा पहिला बिशप झाला. निजामाचा वऱ्हाड इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्यानं घेऊन मध्य प्रांताला जोडला, तोही त्याच वर्षी. म्हणजे आपला मेळघाट एकाच वर्षी नागपूरच्या सरकारकडे गेला आणि नागपूरच्या बिशपच्या हद्दीतही. ही हद्द पार राजपुतान्यापर्यंत होती! १९२६ पर्यंत त्यानं हे पद सांभाळलं.

पण आपल्याला तो आठवतो एका पुस्तकासाठी. १९१६ साली लंडनमध्ये त्याचं 'द स्टोरी ऑफ गोंडवाना' छापून आलं. गढा-मंडला, देवगड, चांदा, खेरला इथल्या गोंड राज्यांची गोष्ट त्यानं इंग्रजी वाचकांपुढं मांडली. अर्थात लिहिणारा राज्यकर्त्यांच्या बाजूचा आणि धर्मप्रसाराला आलेला, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं.

आता गंमत बघा. सेमाडोहच्या परिसरात कोरकू बोलतात. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात. छोटा नागपूरकडच्या मुंडारीत 'दा', संतालीत 'दाक्'. शेकडो मैल दूर, पण भाषा एकाच घरातल्या! चॅटर्टन दोन्ही मुलखांत राहिला. तरी त्याच्या पुस्तकाचे नायक गोंड राजेच. ज्यांचे किल्ले होते, ज्यांच्या वंशावळी होत्या, त्यांचा इतिहास लिहिला गेला. कोरकूंची गोष्ट गाण्यांत, गावांच्या नावांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली. ती माणसं गेली की तीही जाणार.

बिशपनं सगळं का नाही लिहिलं, म्हणून शंभर वर्षांनी त्याच्याशी भांडून काय उपयोग? त्याच्याकडं दौत-टाक होता, तुमच्या खिशात तर रेकॉर्डर आहे. आज घरी गेलात की आजीजवळ बसा. विचारा, "आजी, आपल्या गावाचं नाव कसं पडलं?" तिची परवानगी घ्या, बटण दाबा, आणि मधे बोलू नका.

भेटू पुढच्या भागात!