लोककला आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, कोकणातील एका खेडेगावी प्राथमिक शाळेत मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेण्यात आयुष्य घालविलेले एक सामान्य शिक्षक. विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आत्ताच आपण पाहिलात. अशा आनंदाच्या प्रसंगी आम्ही जो विषय काढणार आहोत, तो काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि ज्या मुलांचे सत्कार कधीच होत नाहीत, त्यांच्याविषयी बोलावयाचे तर सारी ज्ञाती एकत्र जमते अशी दुसरी जागा कोठे आहे?

मुलांचा छळ आणि मुलांची आबाळ, हा आमचा विषय होय. छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. अपशब्दांनी मन मोडणे हाही छळ, आणि मुलाच्या शरीराशी कोणा मोठ्या माणसाने करू नये ते करणे हा तर घोर छळ. आबाळ निराळी. तीत कोणी हात उगारीत नाही, पण वेळेवर अन्न नाही, आजारात औषध नाही, शाळेत गेला की नाही हे पाहावयास कोणी नाही. आईबाप मुंबईस चाकरीत आणि मुले गावी थकलेल्या आजीआजोबांपाशी, ही आपल्या घराघरांतील स्थिती आहे. त्यात दोष परिस्थितीचा असतो हे खरे. पण झीज मुलाची होते.

‘हे दुसऱ्यांच्या घरी, आपल्यांत नाही,’ असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यास आम्ही एक आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यात मुली होत्या, तसे मुलगेही होते. त्रास देणारांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे चोर खिडकीतून आलेला नव्हता; त्यास आपणच पाट मांडून बसविले होते.

आता दुसऱ्याचे दोष दाखविण्यापूर्वी आम्ही आमचा सांगतो. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. शिकावयास म्हणून नातेवाइकांकडे ठेवलेला. तो रोज वर्गात पेंगत असे. आम्ही त्यास बाकावर उभे केले, छड्या मारल्या, वर्गासमोर त्यास ‘कुंभकर्ण’ म्हटले. मुले हसली, आम्हीही हसलो. पुढे कळले की पहाटे उठून विहिरीचे पाणी भरणे, गोठा काढणे, आणि रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर उरले तर खाणे, असा त्याचा क्रम होता. पाचवीत जाण्यापूर्वीच तो शाळेतून नाहीसा झाला. वर्षभर तो आमच्यासमोर बसला होता, आणि ‘बाळा, रात्री जेवलास काय?’ हे चार शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. शाळेत मुलांना मारण्यास शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने बंदी घातली. ती आमच्या त्या दिवसांत असती, तर निदान त्या मुलाच्या हातावरचे वळ तरी वाचते.

दुसरा दोष आपल्या सर्वांचा आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका मुलीविषयीची तक्रार आपल्याच काही ज्येष्ठांपुढे आली होती. ज्याच्याविषयी तक्रार होती तो प्रतिष्ठित गृहस्थ होता. चहा झाला, ‘ज्ञातीची अब्रू’ हा शब्द तीन-चार वेळा उच्चारला गेला, आणि प्रकरण ‘मिटविण्यात’ आले. मुलीस आजोळी पाठविले. तो गृहस्थ पुढेही समारंभांस पहिल्या रांगेत बसत राहिला. त्या बैठकीत आम्ही होतो, आणि आम्ही गप्प होतो. अब्रू कोणाची राखली, असा प्रश्न आम्हांस आजही रात्री छळतो.

आपण म्हणाल, गुरुजी, याचा आणि लोककलांचा संबंध काय? संबंध असा की, जे घरात बोलता येत नाही ते आपल्या समाजाने पूर्वीपासून रंगमंचावर बोलले आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयास निघतो, एवढीच त्याची कथा. त्या काळी असे विवाह राजरोस होत, लोक त्यांत जेवून येत, कोणास ते पाप वाटत नसे. नाटकाने काय केले? शारदेचे दुःख गावासमोर गाऊन दाखविले. प्रेक्षक हसले ते म्हाताऱ्याला, आणि रडले ते मुलीसाठी. ज्या समाजाला म्हातारा जावई चालत होता, त्यास त्याची लाज वाटू लागली. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. तो अजमेरच्या हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. महाराष्ट्राने त्यास ‘शारदा कायदा’ म्हटले. नामसाम्य योगायोगाचे, पण नाटकाने आधी मने नांगरली नसती, तर कायद्याचे बी महाराष्ट्रात इतके रुजले असते असे आम्हांस वाटत नाही.

गाडगे महाराजांचे कीर्तनही असेच. ते व्याख्यान देत नसत. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. दारू, कर्ज, नवसाचे बकरे, मुलांचे शिक्षण, सारे विषय त्यांनी असे लोकांच्याच मुखी घातले. कारण ऐकलेले उत्तर विसरते. स्वतः दिलेले उत्तर माणसाच्या अंगाला चिकटते.

हीच रीत मनात धरून आम्ही व गावातील काही तरुणांनी दोन वर्षांपूर्वी शिमग्यात एक प्रयोग केला. आमच्याकडे नमनाचा खेळ असतो. गण, गवळण आणि शेवटी वग. मृदंग तोच, झांजा त्याच, मंडळी तीच; वग मात्र नवा लिहिला. त्यात चिमी नावाची एक लहान मुलगी होती. तिचे काम कोणा मुलीस दिले नाही. चिंध्यांची एक बाहुली करून ती पाटावर बसविली. तिचे काका, आजी, शेजारी, शाळामास्तर सारे तिच्याभोवती बोलतात. ती गप्प असते. कोणी म्हणतो हट्टी आहे, कोणी म्हणतो तिला भूक लागत नाही, मास्तर म्हणतो अभ्यासात ढ आहे. कोणी तिलाच विचारीत नाही. मास्तराचे काम आम्ही स्वतः केले. ते आम्हांस फार अवघड गेले नाही.

मग गवळणीतली मावशी वगात शिरते. कोकणातल्या नमनात मावशी हे पात्र कोणास काहीही विचारू शकते, हे आपण जाणताच. मावशीने बाहुली उचलून मांडीवर घेतली, तिच्या तोंडाशी कान नेला, आणि मांडवाला विचारले, ‘ही म्हणते, त्या पाहुण्याकडे मला पाठवू नका. सांगा मंडळी, आता काय करू?’ पुढच्या रांगेतून मोठ्याने उत्तर आले, ‘घरातले घरात ठेव!’ लोक हसले. हशा ओसरतो तोच बायकांच्या बाजूने एक म्हातारी बसल्याजागी म्हणाली, ‘म्हणूनच आमी गप ऱ्हायलो.’

मृदंग थांबला. पुढे काय करावे हे कोणास सुचेना. वगात ते वाक्य लिहिलेले नव्हते. थोड्या वेळाने मावशी झालेला तो तरुण बाहुली तशीच छातीशी धरून म्हणाला, ‘आजी, आता नाही राहायचे.’ खेळ तेथेच संपला. त्यानंतरच्या आठवड्यात दोन घरांतील बायका आमच्या घरी येऊन माझ्या पत्नीशी दार लोटून बोलल्या. काय बोलल्या ते येथे सांगणे नाही. पण त्या बोलल्या. आणि दोन मुलांच्या बाबतीत जे करावयास हवे होते ते वेळेवर झाले.

कलेने हे का घडते? मुलापाशी आपले दुःख सांगावयास शब्द नसतात, आणि मोठ्यांपाशी शब्द असले तरी धीर नसतो. बाहुलीविषयी बोलताना मात्र स्वतःविषयी बोलल्याचा संकोच नसतो. शिवाय खेळ सारा गाव एकत्र पाहतो. मी एकटाच जाणतो असे ज्यास वाटत होते, त्यास कळते की सारेच जाणतात. छळ करणाऱ्याचे खरे बळ त्या एकटेपणातच असते.

तथापि काही पथ्ये पाळली नाहीत, तर औषधाचेच विष होईल. पहिले, ज्या मुलाने सोसले त्यास स्वतःची कथा रंगमंचावर सांगावयास कधीही लावू नये. मुलाचे दुःख टाळ्यांसाठी नव्हे. दुसरे, तालमी उघड्या दारांनी व्हाव्यात, आणि तेथे एकाहून अधिक मोठी माणसे असावीत. कला शिकविणारा म्हणून कोणीही, आमच्यासारखा पांढऱ्या केसांचा गुरुजी असला तरी, संशयापलीकडचा मानू नये. तिसरे, मुलांना भिववू नये. आपले शरीर आपले आहे, नको त्या स्पर्शास ‘नाही’ म्हणावे, आणि विश्वासाच्या माणसास सांगावे, एवढे गाण्यातून शिकविले तरी पुष्कळ. चौथे, मूल बोललेच, तर शांतपणे ऐकावे. उलटतपासणी करू नये, ‘तू तिकडे गेलीसच का?’ असे तर कदापि विचारू नये, आणि ‘कोणास सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. कारण ते पाळता येत नाही.

ते का पाळता येत नाही, हे नीट समजून घ्यावे. २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा झाला. त्यास लोक ‘पोक्सो’ म्हणतात. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्यात बालक होय. असा अपराध ज्यास कळला त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणाऱ्यास शिक्षा आहे, आणि सद्हेतूने कळविणाऱ्यास संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. मुलाचे नाव प्रसिद्ध करणे हाही अपराध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. ती सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. हा क्रमांक पाढ्यांप्रमाणे मुलांना पाठ असावा.

म्हणजे तीस वर्षांपूर्वी आपण जे ‘मिटविले’, तसे आज मिटविणे केवळ अधर्म नव्हे, तर गुन्हा आहे.

यास्तव मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. पुढील गणेशोत्सवात जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात एक सवाल मुलांच्या रक्षणाचा असावा, आणि गौरीच्या रात्री फुगड्यांची गाणी रचणाऱ्या भगिनींनी एक गाणे या विषयावर रचावे. दुसरे, आईबाप मुंबईस आहेत अशा गावच्या मुलांची यादी शाखांनी करावी, आणि प्रत्येक मुलाकडे महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन, त्यास एकटे बसवून नव्हे तर ओटीवर सर्वांदेखत, ‘जेवलास काय, झोप लागते काय, शाळेत जातोस काय?’ एवढे विचारून यावे. तिसरी सूचना महत्त्वाची. ‘बालकाच्या छळाचे कोणतेही प्रकरण मंडळाच्या बैठकीत मिटविले जाणार नाही, ते कायद्याप्रमाणे कळविले जाईल,’ असा नियम सर्वसाधारण सभेने मंडळाच्या घटनेत घालावा. ज्ञातीची अब्रू जाईल अशी भीती काहींना वाटेल. आमचे उत्तर एवढेच की, जी अब्रू मुलाच्या गप्प बसण्यावर उभी आहे, ती गेलेली बरी.

ती चिंध्यांची बाहुली आज आम्ही पिशवीतून बरोबर आणली आहे. ज्या शाखेस हा वग करावयाचा असेल, त्यांनी ती आमच्याकडून न्यावी. वगाची संहिताही देऊ. परत करण्याची घाई नाही.