आमसुली भिंत, पांढरा चुना
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चवथीच्या आधी महिनाभर आपल्या घरांत रंगाची चर्चा सुरू होते. अलीकडे शेडकार्डावरच्या गडद ‘बेरी’ रंगांवर तरुण मंडळींचे बोट थांबते आणि वडीलधारे म्हणतात, “खोली काळोखी होईल.” आम्हाला दोघांचेही पटते. कारण हा रंग आपल्याला नवा नाही. करवंद, जांभूळ, रातांबा ही आपली रानची आणि परसातली फळे. रातांब्याच्या वाळवलेल्या सालीवरून तर मराठीने रंगाला नावच दिले, आमसुली. लुगड्यांत तो आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरला. भिंतीवर तो कसा वापरावा, हे शिकायला पेडणे-डिचोलीची जुनी घरेदारे पुरेशी आहेत.

मोरजीच्या मोरजाई मंदिरातले कावीकाम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सावंतवाडीपासून खाली कुमठ्यापर्यंत कोकणपट्टीत ही कला दिसते. शिंपल्या भाजून केलेला चुना, नदीची वाळू आणि गूळ एकत्र भिजवून, मुरवून, कुटून भिंतीला गिलावा करायचा. त्यावर हिरमुजीचा लाल थर द्यायचा, तो घोटायचा आणि ओला असतानाच लोखंडी काट्याने कोरायचा. कोरले तिथे खालचा पांढरा चुना दिसतो आणि वेली, पक्षी, देवदेवता उमटतात. म्हणजे या चित्रांत लालाइतकेच काम पांढऱ्याचे आहे. जुन्या घरांतही गडद लाल रंग जमिनीला, भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्याला असे आणि वरची भिंत चुन्याची पांढरी राही. गडद रंग होता, पण मापात होता.

हा लाल टिकला कसा? फळांचा रस चुन्यावर लावला तर चुन्याच्या क्षारामुळे रंग लगेच पालटतो. लोहाचा लाल मात्र चुन्याला दाद देत नाही. आपली चिऱ्याची भिंत ज्या लोहाने तांबडी, डिचोलीच्या खाणींची धूळ ज्याने तांबडी, तेच लोह कावीतही आहे.

आता आजच्या घराविषयी. आमचा अनुभव असा की आमसुली रंग एकाच भिंतीला द्यावा, आणि तीही खिडकीचा उजेड जिच्यावर पडतो अशी निवडावी. खिडकी असलेल्याच भिंतीला दिला तर ती दिवसा काळी दिसते. बाकी तीन भिंती आणि छत किंचित पिवळसर पांढरे ठेवावे; निळसर पांढऱ्याशेजारी हा रंग थंड पडतो. आधी दोन फूट लांब-रुंद तुकडा रंगवून तो पावसाळी दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तो जांभळ्याकडे झुकतो, पिवळ्या दिव्याखाली लालाकडे. जुन्या भिंती सपाट नसतात, म्हणून चकाकी नसलेलाच रंग घ्यावा. भिंतीला ओल असेल तर थांबावे. ओल्या भिंतीवर घट्ट रंग चढवला की पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, आणि गडद रंगावर ते लांबूनही दिसतात.

गणपतीच्या मागची भिंत अशी असेल, तर मखराची निम्मी सजावट तिथेच झाली. माटोळीतली कांगलां, माट्टी, कवंडळां, सुपारीचे घड, नारळ हे सारे तिच्यापुढे उठून दिसतात. थर्माकोल लागत नाही.

मित्रहो, यापुढचे सांगणे रंगाच्या आवडीपलीकडचे आहे. पेडणे-डिचोलीतल्या आपल्या अनेक कुटुंबांची मूळ घरे वर्षातून एकदा, चवथीला भरतात. सगळे भाऊ, सुना, नातवंडे जमतात आणि घराच्या दुरुस्तीचा निर्णयही तेव्हाच होतो. “जुना गिलावा खरवडून सिमेंट करू,” असे कोणीतरी म्हणतो आणि वर्गणी ठरते. खरवडण्याआधी एकदा भिंतीकडे नीट पाहा. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट तिला आत कोंडते. आणि त्या गिलाव्यावर कावीची एखादी वेल असेल, अगदी दाराच्या वरची वीतभर पट्टी असली तरी, खरवडलेली कावी पुन्हा मिळत नाही. तिच्यावर पाणी मारू नका, तैलरंग तर नकोच. फोटो काढा, घरातल्या सर्वांत मोठ्यांना ती कोणी काढली ते विचारून लिहून ठेवा, आणि दुरुस्तीआधी जाणकाराला दाखवा.

नव्या फ्लॅटात आमसुली भिंत हौसेने करा. फक्त तिचे माप ज्या भिंतींनी आपल्याला शिकवले, त्या राखून करा. यंदा चवथीला सगळे जमलेलेच आहेत. आरती झाली की हा विषय काढा.

गणपती बाप्पा मोरया!