किल्ल्यावरचं गवत

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात किल्ला प्रदर्शनाच्या संध्याकाळी केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'किल्ला कसा केला'. खरं सांगायचं तर किल्ला मुलांनी केला. तट, बुरूज, दोरावरून चढणारे मावळे, सगळं त्यांचं. मी गवताचं खातं सांभाळलं. तेव्हा मी गवतावरच बोलतो. कुणाला कंटाळा आला तर मागे बटाटेवडे तयार आहेत, पण सेक्रेटरी साहेबांनी भाषण संपल्याशिवाय द्यायचे नाहीत असं ठरवलंय, म्हणजे तुम्ही अडकलात.

आत येताना डाव्या हाताला जो पाहिलात तो सिंहगडाचा डोणागिरीचा कडा. प्लायवूड आठ फूट बाय चार फूट, कडा साडेतीन फूट उंच. आख्खा सिंहगड का नाही केला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आपले मावळे दोन इंचांचे आहेत, म्हणजे माणूस साधारण तेहतीस पटीने लहान केलाय. गड पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटर धरला, तरी त्याच मापात तो अठरा मीटर होतो. म्हणजे आपल्या सहा मजली बी विंगएवढा. म्हणून एकच कडा घेतला.

हे माप पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मलाच हसू आलं. इतकी वर्षं आपण मातीच्या किल्ल्यावर अळीव पेरत आलो. वसुबारसेच्या आधी बी भिजवायचं, ते बुळबुळीत झालं की चिखलाच्या उतारावर थापायचं, दोन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत दोन इंच. दोन इंच म्हणजे मावळ्याच्या डोक्याइतकं! भाऊबीजेपर्यंत महाराज सिंहासनासकट गवतात गडप. आपण दर वर्षी कात्रीने त्यांची सुटका करायचो, आठवतंय का? मोहरीचंही तेच. नाचणी जरा बरी, बारीक येते. पण कुणाला कधी खटकलं नाही, कारण ते खरं होतं, रोज वाढायचं, आणि पाणी घालायची पाळी कुणाची यावरून भांडता यायचं.

आता प्लायवूडवर अळीव पेरता येत नाही. एकदा तोही प्रयोग झाला. प्लाय फुगलं आणि वास आला. तेव्हा गवत करायचंच, तर कसं?

मुलांचं उत्तर तयार होतं. लाकडाचा भुसा, हिरवा रंग, फेविकॉल, झालं. तसं एक कोपरा करूनही पाहिला. लांबून तो बिलियर्डच्या टेबलासारखा दिसत होता. का बरं वाईट दिसतं, ते आम्ही बराच वेळ शोधत बसलो. मग सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, लढाई कधी झाली?"

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. तारीख सगळ्यांना पाठ. पण माघात डोंगर कोणत्या रंगाचा असतो, ते आम्हा दहा-बारा जणांत कुणालाच धड सांगता येईना. मीही त्यातलाच. आपण सिंहगडावर जातो ते पावसात, भजी खायला. त्यामुळे डोळ्यांसमोर हिरवाच गड.

उत्तर मिळालं ए विंगमधल्या आजींकडून. त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं. त्या म्हणाल्या, "माघात कसलं हिरवं? डोंगर पिवळाजर्द असतो, वैरणीसारखा. कुसळं नुसती लुगड्यात भरतात. आणि शिमग्याच्या आसपास वणवा लागला की काळा." मग म्हणाल्या, "हिरवं बघायचं तर पाण्याच्या झऱ्यापाशी बघा, तिथं तेवढं असतं."

या तीन वाक्यांवर आमचा सगळा किल्ला बदलला. ज्यांना आज तो 'वाळका' वाटला आणि तसं त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलंही, त्यांना हे सांगायचं होतं. पावनखिंड केली असती तर हिरवागार केला असता. ती लढाई १३ जुलै १६६० ची, आषाढातली, भर पावसातली. तिथे हिरवळ आणि चिखल दोन्ही हवं. सिंहगड हिरवा करणं म्हणजे तानाजींना पावसाळ्यात चढवणं.

फेब्रुवारीत आम्ही मुद्दाम गडावर गेलो. दोरीबिरी नाही, सरळ पायवाटेने. मुलांच्या हातात वह्या. तिथे पाहिलं, की गवत कड्यावर सगळीकडे नसतंच. सह्याद्रीचा कातळ थरांनी बनलेला आहे, एकावर एक पायऱ्या ठेवल्यासारखा. उभ्या भिंतीवर काही टिकत नाही. दोन थरांच्या मधे जी अरुंद पट्टी असते तिच्यावर माती साठते आणि तिथेच गवत येतं. म्हणजे काळा पट्टा, पिवळा पट्टा, काळा पट्टा. खाली उतारावर कारवीच्या वाळक्या काड्या. माणसं चालतात तिथे नुसती तांबूस माती. एका मुलाने मुठभर माती पिशवीत घेतली, घरी येऊन तिच्याशी रंग जुळवायला. बोर्डवरचा मातीचा रंग तोच आहे.

आता कृतीकडे येतो, कारण शेजारच्या सोसायटीचे लोकही आलेत आणि त्यांना तेवढंच ऐकायचंय.

आधी माती, मग गवत. आमची पहिली चूक हीच होती, की खाली हिरवा रंग देऊन वर हिरवा भुसा टाकला. खऱ्या गवताच्या फटीतून माती दिसते. म्हणून सगळ्या बोर्डला आधी मातकट रंग द्यायचा. तोच रंग फेविकॉलमध्येही मिसळायचा, म्हणजे कुठे भुसा झडला तरी पांढरं दिसत नाही. प्लायला खालूनही एक हात द्या. वरून ओलं आणि खालून कोरडं राहिलं, तर आठ फुटी प्लाय पापडासारखं वाकतं. थर्माकोलच्या कड्यावर मात्र पाण्यात मिसळणारेच रंग. आमच्यातल्या एका उत्साही तरुणाने स्प्रेचा डबा मारला आणि डोणागिरीला अर्धा फूट खोल विवर पडलं. ते आता गुहा म्हणून दाखवतो.

भुसा वखारीतून आणा, पण चाळा. चाळणीतून खाली पडलेला बारीक वेगळा, वर राहिलेला जाड वेगळा. दोन्ही लागतात. रंग एकच करू नका. आम्ही चार केले: गवती पिवळा, मातकट, राखाडीकडे झुकणारा आणि अगदी थोडा हिरवा. पाण्यात रंग कालवून भुसा भिजवायचा, पिळायचा, गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवायचा. गच्चीबद्दल ज्यांनी तक्रार केली त्यांची इथे जाहीर माफी मागतो.

एवढ्या मोठ्या बोर्डवर सगळा फेविकॉल एकदम लावायचा नाही. तो वाळतो आणि आपण अजून दुसऱ्या टोकाला असतो. निम्मं पाणी, निम्मा फेविकॉल, एका वेळी हातभर जागा, आणि तिची कड सरळ ठेवायची नाही, वेडीवाकडी सोडायची. नाहीतर गोधडीचे चौकोन दिसतात. वरून फूटभर उंचीवरून चहाच्या गाळणीने भुसा पेरायचा. हळद टाकतो तसा, चिमटीने नाही. रात्रभर वाळू द्यायचा, सकाळी बोर्ड उभा करून मागून थापट्या मारायच्या, सुटलेला गोळा करून परत वापरायचा. मग वरून पातळ फेविकॉलचं पाणी फवारायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. ते नसेल तर पाण्याचे गोळे भुशावर नुसते घरंगळतात, आत मुरत नाहीत. ही एक गोष्ट समजायला आम्हाला तीन रविवार लागले.

एवढं करूनही भुसा म्हणजे चरून गेलेलं कुरण. माघातलं गवत गुडघाभर असतं, आपल्या मापात दीड सेंटिमीटर. त्याला सुतळी. साधी किराणा दुकानातली तागाची सुतळी. उलगडून, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून, बुडाशी फेविकॉल लावून झुबके करायचे आणि टोचून ठेवलेल्या भोकात उभे करायचे. तिला रंगसुद्धा लागत नाही, देवाने तिला माघाचाच रंग दिलाय. तशी दोन हजारांवर झुबकी त्या पट्ट्यांवर आहेत. त्यातली निम्मी ए विंगमधल्या आजींनी आणि त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणींनी केली, वाती वळतात तशा.

पालापाचोळ्यासाठी चहाचा चोथा. धुऊन, कडक वाळवून, तव्यावर परतून. आम्ही पहिल्यांदा तो घराघरांतून गोळा केला तसाच टाकला, साखरेसकट. दुसऱ्या दिवशी सिंहगडावर खऱ्या मुंग्यांची फौज चढली होती, तीही दोराशिवाय.

आता झऱ्यापाशी जी थोडी हिरवी, उभी, मऊ हिरवळ आहे, तिच्याबद्दल सगळ्यांनी विचारलं. ते नायलॉनचे तंतू आहेत, चार मिलिमीटरचे, विकत मागवलेले. परदेशात छोट्या रेल्वेचे देखावे करणारे आणि टेबलावर सैनिक मांडून लढाया खेळणारे लोक ते वापरतात. हा लढायांचा खेळ जुना आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली त्याचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं होतं. हे तंतू नुसते टाकले तर आडवे पडतात. त्यांना उभं करायला वीज लागते. एका तारेचं टोक ओल्या फेविकॉलमध्ये, दुसरं धातूच्या गाळणीला, आणि गाळणी हलवली की तंतू विजेच्या ओढीने सरळ उभे राहून गोंदात रुततात. त्याचं तयार यंत्र महाग पडतं. मी ते डास मारायच्या रॅकेटमधून केलं. हे मुलांनी घरी करायचं नाही. बटण बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. मला तिचा प्रसाद दोनदा मिळालाय आणि दुसऱ्यांदा मी काय बोललो ते मुलांनी ऐकलंय.

हे झालं गवत. आता वेळ संपायच्या आत एक गोष्ट सांगायची आहे, जी विषयपत्रिकेत नाही.

आपण प्लायवूडवर किल्ला का करतो? हौस म्हणून नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत पार्किंगच्या कडेला आपला मातीचा पट्टा होता. पहिल्या दिवाळीपासून किल्ला तिथेच व्हायचा. मग वार्षिक सभेत विषय आला. चिखल होतो, डास होतात, गाड्यांना जागा नाही. पेव्हर ब्लॉक घालायचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मीही हात वर केला होता. माझी गाडी आज तिथेच उभी आहे. त्या वर्षीच्या दिवाळीत चार मुलं रस्त्यापलीकडच्या बांधकामावरून बादलीने माती आणताना दिसली. तिथल्या वॉचमनने ती रस्त्यावर ओतायला लावली. मी गॅलरीतून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मी प्लायवूड आणलं. तेव्हा माझं कौतुक झालं, सत्कारही झाला. पण तो सत्कार घेताना मला कसंतरी होत होतं, ते आज सांगून टाकतो.

आजचा बोर्ड चांगला झालाय. तो वर्षानुवर्षं टिकेल. वरून प्लास्टिक घालून ठेवला, वर्षातून एकदा मऊ ब्रशने झटकला की झालं. पण त्याचं गवत वाढत नाही. झुबके उभे करताना एका पहिलीतल्या मुलाने मला विचारलं, याला पाणी कधी घालायचं? मी त्याला नाही म्हणालो. त्याने तरी गुपचूप घातलंच. उजवीकडच्या कोपऱ्यात प्लाय फुगलंय ते त्यामुळे, आणि मी ते मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या सभेत पंपरूमच्या मागच्या जागेचा विषय आहे. दहा फूट बाय बारा फूट, आपल्या आवारात उघडी माती उरलीय ती एवढीच. तिथे कृत्रिम हिरवळ घालायचं कोटेशन आलंय. हिरवा गालिचा, तोच बिलियर्डचा हिरवा. दिसायला स्वच्छ असेल, नाही म्हणत नाही. डासांचा मुद्दाही खरा आहे. तिथे पाणी साचू नये म्हणून उतार द्यावा लागेल, तो खर्च मी आणि माझ्या मजल्यावरचे दोघे मिळून द्यायला तयार आहोत. पण ती जागा तशीच ठेवावी, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवाय. ए विंगमधल्या आजी तयार आहेत, पण फ्लॅट मुलाच्या नावावर असल्यामुळे त्यांना मत नाही. तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी विचार करावा, ते इथे तिसऱ्या रांगेत बसलेत.

हा प्लायवूडचा कडा क्लबहाऊसमध्ये राहीलच. त्याच्या उरलेल्या दीड पट्टीवर झुबके लावायचे बाकी आहेत. रविवारी सकाळी दहाला, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. सुतळी आहे, कात्री घरून आणा.

सेक्रेटरी साहेब, वडे सोडा.