धावफलकावर न येणारे काम

(शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या तालुका शिबिरात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाविषयी बोलण्याचा माझा अधिकार खेळाडूचा नाही, प्रेक्षकाचा आहे. तथापि नोंदी आणि कागदपत्रे यांच्याशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे क्रिकेटच्या धावपुस्तकाकडे मी थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहतो. कोणत्याही खात्यात ज्या कामाला रकाना नसतो ते काम हळूहळू कोणी करीनासे होते. क्षेत्ररक्षणाचे नेमके तेच झाले आहे, असे मला वाटते.

धावपुस्तकात फलंदाजाची प्रत्येक धाव आणि गोलंदाजाचा प्रत्येक चेंडू लिहिला जातो. झेल घेणाऱ्याचे नाव येते, हे खरे. परंतु झेल सुटला तर कागद कोरा राहतो. चौकार अडवून एका धावेवर भागवणाऱ्या मुलाचे नाव कोठेही लागत नाही. वाईट फेकीमुळे फलंदाजाला मिळालेल्या जादा धावा तर गोलंदाजाच्या खात्यावर चढतात. अपराध एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला! तालुक्याचा संघ निवडताना समितीपुढे बहुधा धावा आणि बळी एवढेच आकडे येतात. मग दिवसभर उन्हात धावून वीस-पंचवीस धावा वाचवणारा मुलगा घरी राहतो, आणि एका सामन्यात नशिबाने तीस धावा केलेला संघात जातो. पुढच्या वर्षी तो पहिला मुलगा धावेल कशासाठी?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. मैदानात नऊ क्षेत्ररक्षक, हातात चामड्याचा मोठा मोजा, आणि चेंडू फेकणारा व टोलवणारा यांच्यातील झुंज, असे त्याचे स्वरूप आहे. त्या खेळाच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: धावा, यशस्वी टोले आणि चुका. साधारण प्रयत्नाने जमावयास हवे होते ते क्षेत्ररक्षकाला जमले नाही, असे अधिकृत नोंदनीसाचे मत पडले की त्याच्या नावावर चूक लागते. अशा चुकीमुळे गेलेल्या धावा फेकणाऱ्याच्या सरासरीत धरीत नाहीत. न्यायाची ही कल्पना मला आवडते.

तरीही ती पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी सुचवणार नाही. जो सुस्त खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूक लागत नाही, आणि जो जिवाच्या आकांताने धावून चेंडूला हात लावतो तोच कधी कधी दोषी ठरतो. शिवाय केवळ चुका लिहिल्याने माणसाचे काय होते, याचे उदाहरण बिल बकनर या खेळाडूचे आहे. 1986 च्या अजिंक्यपदाच्या मालिकेत बोस्टन संघाचा सहावा सामना न्यूयॉर्क मेट्सशी होता. दहाव्या डावात एक साधा घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला आणि सामना हातचा गेला. वास्तविक त्याआधीच बोस्टनची आघाडी पुसली गेली होती, आणि सातवा सामना अजून व्हावयाचा होता. तोही बोस्टनने गमावला. साऱ्या कारकिर्दीत दोन हजार सातशेहून अधिक यशस्वी टोले मारलेला तो खेळाडू त्या एका चेंडूसाठीच लोकांच्या लक्षात राहिला. दहा-बारा वर्षांच्या मुलांवर असे शिक्के मारणे आपल्याला परवडणारे नाही. सुटलेले लिहावयाचे असेल, तर वाचवलेले आधी लिहिले पाहिजे.

आता आपल्या एकनाथ सोलकरांकडे पाहा. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. 27 कसोटी सामने, फलंदाजीची सरासरी सुमारे 25, बळी 18. या दोन रकान्यांवरून कोणती निवड समिती त्यांना थोर म्हणेल? पण याच 27 सामन्यांत त्यांनी 53 झेल घेतले. शिरस्त्राण नसलेल्या त्या काळात फलंदाजापासून हातभर अंतरावर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, ते उभे राहात. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीचे आपण कौतुक करतो. परंतु बॅटला चाटून उडालेला चेंडू पकडणारे हात जवळ नसते, तर त्या फिरकीला बळी कोठून मिळाले असते?

1971 सालचा ओव्हलचा सामना आठवा. इंग्लंडच्या पहिल्या डावातील 355 धावांत यष्टिरक्षक ॲलन नॉट यांच्या 90 होत्या. भारताने 284 केल्या. म्हणजे आपण 71 धावांनी मागे. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले, ते सर्वांना पाठ आहे. पण नॉट टिकले असते तर चित्र पालटण्याची भीती होती. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर बॅटीच्या कडेने निघालेला चेंडू सोलकरांनी पुढे झेपावून जमिनीलगत उचलला, आणि नॉट अवघी एक धाव करून परतले. इंग्लंडचा डाव 101 धावांत आटोपला, आणि भारताने 173 धावांचे लक्ष्य चार गडी राखून गाठले. इंग्लंडच्या भूमीवरील आपला तो पहिला कसोटी विजय. 1983 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही भारताच्या केवळ 183 धावा होत्या. रिचर्ड्स यांचा उंच उडालेला चेंडू कपिल देव यांनी मागे धावत जाऊन पकडला, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

कोणी म्हणेल, आमच्याकडे हिरवळ कोठे आहे? भातकापणीनंतर मोकळी पडलेली शेते नाहीतर मुरमाड माळ! मला वाटते, खडबडीत जमीन हेच क्षेत्ररक्षण शिकवण्याचे अधिक सबळ कारण आहे. अशा जमिनीवर चेंडू ऐनवेळी उसळतो, म्हणून नुसता हात पुढे करून भागत नाही. एक गुडघा टेकवून, शरीर चेंडूच्या वाटेत आणून, बोटे खाली ठेवून तो अडवावा लागतो. झेल घेताना हात चेंडूबरोबर किंचित मागे यावेत. ताठ हातांवरून चेंडू उडतो. आणि कोणी फेक केली की यष्टीच्या पलीकडे दुसऱ्याने आधाराला उभे राहावे. या शेवटच्या कामाला ना पॅड लागतात ना पैसा, तरी आपल्या मुलांत ते सर्वांत दुर्मिळ आहे. सरावाच्या वेळी फलंदाजी प्रथम आणि वेळ उरला तर क्षेत्ररक्षण, हा क्रम एखादा महिना उलटा करून पाहावा. टेनिसचा जुना चेंडू आणि शाळेची एक भिंत एवढे साहित्य पुरेसे आहे.

नोंदीविषयी माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक सामन्याच्या धावपुस्तकात शेवटी एक पान आखावे. त्यावर अकरा नावे आणि चार रकाने: अडवलेल्या धावा, घेतलेले झेल व धावचीत, आधाराला धावणे, आणि अगदी शेवटी, सुटलेले. हे पान भरण्याचे काम त्या दिवशी संघात नसलेल्या मुलाकडे द्यावे. संघात नसलेला मुलगा खेळ सर्वांत बारकाईने पाहतो. निवडीच्या दिवशी धावा आणि बळींच्या आकड्यांसोबत हे पानही समितीच्या टेबलावर ठेवावे, आणि बारावा-तेरावा खेळाडू ठरवताना प्रथम तेच उघडावे.