पॅलेस्टाइनचें भरतकाम आणि निर्वासित स्त्रिया



भरतकाम म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर उशीचा अभ्रा आणि मुलींच्या शाळेंतील शिवणाचा तास उभा राहतो. आम्हां गणिताच्या मास्तरांना त्या तासाचें फारसें कौतुक नसे, हें मी या वयांत कबूल करतों. परंतु पॅलेस्टाइनमधील खेड्यांतल्या स्त्रियांच्या भरतकामाविषयीं वाचूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, ज्यांतील कित्येकींनीं पाटीला कधीं हात लावला नव्हता, अशा बायका कापडाचे उभे-आडवे धागे मोजून आकृतीच्या दोन्ही बाजू बिनचूक जुळवीत असत. हें गणित नव्हे तर काय?

या कलेला अरबी भाषेंत 'तत्रीज' म्हणतात. तिचा मुख्य टांका म्हणजे आपल्या ओळखीचा फुलीचा टांका. तिकडील स्त्रियांच्या लांब, घोळदार अंगरख्याला 'थोब' असें नांव आहे. त्याची छाती, बाह्या आणि खालचा घेर भरतानें खुलवीत. आकृत्यांचीं नांवें मोठीं गोड आहेत: 'बेथलेहेमचा चंद्र', 'पाशाचे तंबू', खजूर आणि सरूचें झाड. आपल्या मराठींतला 'सुरू' हा शब्द त्याच कुळांतला.

जाणत्या बाईला थोबावरून तो घालणारी कोणत्या भागांतली, पुष्कळदां कोणत्या गांवची, हें ओळखतां येई. रामल्लाला पांढऱ्या कापडावर तांबडें भरत. बेथलेहेमला सोनेरी-रुपेरी दोर कापडावर वळणावळणानें मांडून बारीक टांक्यांनीं बसविण्याची रीत. नेगेवच्या बदाऊनी बायकांत तांबडा दोरा विवाहितेचा, तर निळा अविवाहितेचा किंवा विधवेचा. वस्त्र विरलें तरी छातीचा भरलेला तुकडा टाकीत नसत; तो उसवून नव्या थोबावर बसवीत.

इ. स. १९४८ च्या युद्धांत सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घरांना मुकले. याफाजवळचें बैत दजान हें सधन गांव तेथील थोबांसाठीं नांवाजलेलें होतें. तें त्याच वर्षीं ओस पडलें. गांवची तऱ्हा राहिली, गांव राहिला नाहीं. छावणींत पोट भरण्यासाठीं कित्येक बायकांनीं आपले लग्नाचे थोब विकून टाकले.

पुढें याच हुन्नरानें त्यांना हात दिला. १९५० सालीं गाझांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-साह्य संस्थेच्या आश्रयानें 'सुलाफा' हें भरतकाम केंद्र निघालें. १९६९ मध्यें लेबनॉनांत कांहीं लेबनानी व पॅलेस्टिनी स्त्रियांनीं 'इनाश' ही संस्था स्थापिली. बाईनें कापड-दोरा घरीं न्यावा, मुलें संभाळून टांके घालावे आणि मजुरी न्यावी, अशी ही सोय. घरांत मिळवता पुरुष नाहीं, तेथें या मजुरीचें मोल काय, हें निराळें सांगावयास नको.

परंतु येथेंच एक पेंच आहे. पूर्वीं मुलगी स्वतःच्या लग्नाचा थोब भरी. रंग तिचा, लहर तिची. आतां ती परक्याच्या दिवाणखान्यांतील उशी भरते, आणि नमुना दुसरा कोणी ठरवितो. यानें कला बाटली, असें कित्येक रसिक म्हणतात. मला तें पटत नाहीं. ती कधींच गोठलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत फ्रान्सचा सुती दोरा आणि युरोपांतील नमुन्यांचीं पुस्तकें आलीं, तेव्हां थोबावर गुलाब आणि पांखरें अवतरलीं. १९८७ च्या उठावांत, झेंडा फडकविण्यास बंदी असतां, बायकांनीं त्याचे चार रंग आणि देशाचा नकाशाच थोबावर भरला!

माझी धास्ती निराळी आहे. दाट भरलेल्या थोबाला कित्येक महिने लागतात. तेवढ्या दिवसांचा मोबदला न मिळाल्यास बाईनें दोरा जाड घ्यावा, टांके मोठे घालावे, आकृती आटोपती करावी, यांत तिचा दोष काय? आणि मग तिची मुलगी हें शिकेल कशाला? अम्मान येथें विदाद कावार या विदुषींनीं २००० हून अधिक वस्त्रें व दागिने जमविले. २०१५ सालीं त्यांचें 'तिराझ' नांवाचें केंद्र उघडलें. २०२१ मध्यें युनेस्कोनें ही कला मानवजातीच्या वारशांत नोंदली. हें सारें चांगलेंच झालें. पण काचेच्या कपाटांतला थोब नवा टांका घालीत नाहीं. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धांत गाझांतील बहुतेक सर्व लोकांना घर सोडून पळावें लागलें. अशा पळापळींत पेटींतला थोब कोण संभाळणार?

यंत्राचें भरत हातचें म्हणून खपविण्याचा व्यापारही चालतो. खरें कोणतें, हें मला आमच्या घरांतून शिकावयास मिळालें. मी सुलटी बाजू निरखीत बसलों होतों, मंडळींनीं माझ्या हातून कापड काढून घेतलें, उलटें केलें आणि म्हणाल्या, "गांठी कुठें आहेत तें पाहा आधीं."