घर बांधण्याआधी एक उन्हाळा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला : 'गावात घर बांधताना.' मी आर्किटेक्ट नाही. माझी 36 वर्षे ब्लास्ट फर्नेसमध्ये गेली आणि त्यातली बरीचशी स्टोव्ह्जवर गेली. तरीही मी बोलायला उभा राहिलो, कारण घर बांधताना मी ज्या चुका केल्या त्या आपल्यापैकी कुणी पुन्हा करू नयेत असे मला मनापासून वाटते.

आपल्या भिलाईकर मराठी माणसाचा एक प्रश्न जुनाच आहे. 1955 साली कारखान्याचा करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली आणि नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावतीकडून माणसे इथे आली. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार झाले, मुले शिकली, पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेली. मग एक दिवस निवृत्तीचा हार गळ्यात पडतो आणि क्वार्टर सोडायचे असते. जायचे कुठे? कुणी नागपूरला फ्लॅट घेतो, कुणी मुलाकडे जातो. मी 2008 साली निवृत्त झालो आणि दुर्ग जिल्ह्यातल्याच एका गावात थोडी जमीन घेतली. माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिचे माहेर वर्ध्याजवळचे. तिला पुन्हा अंगण, तुळस आणि गाय असलेले घर द्यायचे ही माझी फार वर्षांची इच्छा होती.

घर मी सहा महिन्यांत उभे केले. तीन खोल्या आणि वर सिमेंटची पक्की स्लॅब. पश्चिमेला शेते दिसत होती, सूर्यास्त सुंदर दिसायचा, म्हणून त्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या ठेवल्या. गावातला म्हातारा राजमिस्त्री दोनदा म्हणाला, "साहेब, बुडत्या सूर्याकडे एवढ्या खिडक्या कशाला?" मी हसून सोडून दिले. मी इंजिनिअर, तो मिस्त्री! वास्तुशांत झाली, पाहुण्यांनी वाहवा केली.

मग एप्रिल उजाडला. मे महिन्यात एके रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली, तर आई खाटेवर नव्हती. शोधाशोध केली. ती शेजाऱ्यांच्या मातीच्या घरात, त्यांच्या परछीत म्हणजे पडवीत, त्यांच्या सुनेच्या शेजारी चटईवर झोपली होती. पंधरा दिवसांपासून ती रोज तिथे जात होती आणि पहाटे आम्ही उठायच्या आत परत येत होती. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नव्हती. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "घर चांगलं आहे रे बाबू, पण रात्री वरून भट्टी पेटते."

मंडळी, आयुष्यभर भट्टीवर काम केलेल्या माणसाला हे त्याच्या आईने सांगावे लागले!

त्या रात्री मी स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावला. ती गरम होती. आणि माझ्या लक्षात आले की हे यंत्र मी चांगले ओळखतो. आपल्या स्टोव्हमध्ये काय होते? आत चेकर विटांची रास असते. आधी गॅस जाळून त्या विटा तापवायच्या, याला आपण स्टोव्ह 'ऑन गॅस' म्हणतो. मग गॅस बंद करून त्याच विटांमधून थंड हवा सोडायची. साठवलेली उष्णता घेऊन ती हजार अंशांच्या पुढे तापते आणि भट्टीत जाते. हा झाला 'ऑन ब्लास्ट.' माझी स्लॅब दिवसभर ऑन गॅस होती आणि रात्रभर आईच्या डोक्यावर ऑन ब्लास्ट!

उष्णता भिंतीतून पार व्हायला वेळ लागतो. ढोबळ मानाने चार इंची स्लॅबमधून तीन-चार तासांत ती आत पोचते, नऊ इंची विटेच्या भिंतीतून सहा-सात तासांत, आणि दीड फुटी मातीच्या भिंतीतून बारा तासांच्या आसपास. म्हणजे मातीच्या जाड भिंतीची दुपार आत पोचेपर्यंत बाहेर मध्यरात्रीचा गारवा असतो, खिडक्या उघडल्या की ती उष्णता निघून जाते. शिवाय वाटेत तिचा जोरही बराच ओसरतो. यालाच पुस्तकात पॅसिव्ह सोलर घर म्हणतात. म्हणजे पंखे-यंत्रे नंतर, आधी भिंत, छप्पर, सावली आणि दिशा यांच्याकडून काम करून घ्यायचे.

आता दिशेचे गणित. ते सोपे आहे. भिलाई 21 अंश अक्षांशाच्या थोडी वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात तो थोडा उत्तरेला असतो. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापते ते छप्पर, आणि सकाळी पूर्वेची व संध्याकाळी पश्चिमेची भिंत. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला खाली, साधारण 45 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर लगेच दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी खिडकीचा वरचा दोन फूट भागच सावलीत राहतो आणि बाकी ऊन घरात येते. 21 मार्चला तोच छज्जा पाच फुटांपर्यंत सावली देतो. म्हणजे चार फुटी खिडकीवर एप्रिलपासून दुपारचे ऊन पडतच नाही. छज्ज्याला एक पैसा वीज लागत नाही आणि कॅलेंडर त्याला आपोआप कळते.

तेव्हा घर पूर्व-पश्चिम लांब ठेवावे. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येऊ द्याव्यात. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही, दार खुशाल पूर्वेला ठेवा. पश्चिमेला मात्र न्हाणीघर, कोठी, जिना अशा गोष्टी ठेवा. सूर्यास्त पाहायला अंगणात खुर्ची टाकावी. ऊन संपले की खुर्ची आत आणता येते, खिडकी आणता येत नाही.

माझे घर तर बांधून झाले होते. पाडणार काय? म्हणून दुरुस्ती सुरू केली. ती तीन वर्षे चालली. ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांच्यासाठी हा क्रम सांगतो.

पहिल्या वर्षी स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. हा सर्वांत स्वस्त उपाय, पण पावसाने धुतला जातो, दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. पश्चिमेची एक खिडकी विटांनी बुजवली, दुसरी लहान केली. त्या बाजूला आठ फुटांची परछी काढली आणि पलीकडे तीन कडुनिंब लावले. कडुनिंबाची पाने फाल्गुनात झडतात, पण चैत्रात नवी पालवी येते आणि नेमकी मे महिन्यात दाट सावली मिळते.

दुसऱ्या वर्षी स्लॅबच्या वर एक फूट अंतर सोडून बांबूचा सांगाडा केला आणि त्यावर कवेलू घातले. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या. आता ऊन कवेलू झेलतात, मधली तापलेली हवा वाऱ्याने निघून जाते, स्लॅब सावलीत राहते. भट्टीचा गॅसच बंद केला म्हणा ना! आज ज्यांना छपरावर सौर पॅनल बसवायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे, पॅनलखाली हवा खेळती ठेवली तर विजेबरोबर सावलीही मिळते.

तिसऱ्या वर्षी त्याच राजमिस्त्र्याला मानाने बोलावले आणि उत्तरेच्या बाजूला आईसाठी एक खोली बांधली. या वेळी तो सांगत होता आणि मी ऐकत होतो.

त्याने आधी जमीन पाहिली. इथली माणसे मातीला नावाने ओळखतात : कन्हार, डोरसा, मटासी, भांठा. कन्हार म्हणजे आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही भेगा पाडते. म्हणून पाया काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेला, कडेने मुरूमच भरला. जोते दोन फूट उंच, दगडाचे. भिंती पिवळ्या मटासीच्या, दीड फूट जाड. वर लाकूड-बांबूचा माळा, त्यावर मातीचा थर, त्याच्यावर कवेलूंचे उतरते छप्पर, आणि छपराच्या कडा भिंतीच्या बऱ्याच पुढे काढलेल्या. भिंतीच्या वरच्या भागात झरोके, कारण गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आतली ओल अडकते आणि गिलावा पोपडे धरून गळतो. शेण-मातीचा गिलावा आणि छुई मातीचा पांढरा हात पुरतो. पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबर, केरोसीन आणि थोडे मेण मिसळून न धुपणारा मातीचा गिलावा तयार केलेला आहे. तो करताना डांबर आगीवरून उतरवूनच केरोसीन घालायचे, ही काळजी प्लांटच्या लोकांना मी वेगळी सांगायला नको.

यात नवीन काही नाही. आपण नागपूरहून पुढे जाताना सेवाग्राम स्टेशन लागते. 1936 साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले, 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथली बापू कुटी मुळात मीराबेनची. माती, बांबू, लाकूड, कवेलू, आणि भोवती पडवी, सगळे जवळपासचे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन बसा, म्हणजे मी तासभर बोलून जे सांगतो ते पाच मिनिटांत पाठीला कळेल. 1978 साली इव्हान इलिच हे विचारवंत तिथे आले होते, त्यांनीही आपल्या भाषणात त्या झोपडीबद्दलच विचार मांडला. वर्ध्यालाच देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एकात एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कौलांची कमानदार छपरे करून दाखवली आहेत. त्यात लाकूड कमी लागते आणि कुंभाराला काम मिळते. बरे, ज्यांना विटाच वापरायच्या आहेत त्यांनी लॉरी बेकर यांनी रूढ केलेली रॅट-ट्रॅप पद्धत पाहावी. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल काका मातीचा प्रचार करताहेत. मातीच्या घराला वाळवी लागते, उंदीर लागतात. मृगाआधी दरवर्षी कवेलू फेरावे लागतात, आणि माकडांनी एकदा उड्या मारल्या की पुन्हा फेरावे लागतात. सारवण करणारी माणसे मिळणे कठीण झाले आहे. शिवाय हे घर शिस्त मागते. उन्हाळ्यात सकाळी आठाच्या आत खिडक्या बंद, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्या उघड्या. रात्री उघडे ठेवायचे तर जाळी आणि गज पक्के हवेत. पावसाळ्यात हवा दमट असते, तिथे भिंतीची जाडी कामाची नाही. कूलरही तेव्हा निरुपयोगी. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्यांतून वाहणारा वाराच कामाला येतो.

घराभोवतीचेही थोडे सांगून थांबतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 2300 लिटर पाणी पडते. ते पन्हळीने टाकीत घ्या, उरलेले विहिरीकडे वळवा. न्हाणीघराचे पाणी मागच्या बाडीत केळीला द्या. इथे प्रत्येक घरामागे भाजीपाल्याची बाडी असते, मुनगा म्हणजे आपला शेवगा, दोडका, वांगी. हिरवळीवरून येणारा वारा फरशीवरून येणाऱ्या वाऱ्यापेक्षा गार असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जमीन घेतली की लगेच बांधू नका. आधी झाडे लावा, आणि मग एक उन्हाळा व एक पावसाळा तिथे जाऊन या. मे महिन्यात दुपारी चार वाजता उभे राहून पाहा ऊन कुठून येते. जुलैत पाहा पाणी कुठे साचते. शेजारच्या जुन्या घरात बसून चहा घ्या आणि घर बांधणाऱ्याला विचारा की असे का बांधले. मी हे एक वर्ष वाचवले आणि त्याची भरपाई करायला तीन वर्षे घालवली. ती वर्षे माझी असती तर हरकत नव्हती, पण ती आईची होती.

2012 च्या उन्हाळ्यात आई त्या मातीच्या खोलीत झोपली. पहिल्या रात्री मी दोन वाजता उठून पाहिले. ती खाटेवर होती, आणि पांघरूण पायापाशी नव्हते, अंगावर होते. तो तिचा शेवटचा उन्हाळा ठरला. एक उन्हाळा तरी ती स्वतःच्या घरात झोपली, याचे समाधान आहे. आधीचे उन्हाळेही तिला देता आले असते, ही चुटपुटही आहे.

आज बाप्पासमोर उभा राहून एवढेच सांगतो. ज्यांच्या हाती निवृत्तीचे पैसे नुकतेच आले आहेत त्यांनी आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारावे, तुमच्या लहानपणी घर गार कसे राहायचे? नकाशा त्यानंतर काढावा.

 गणपती बाप्पा मोरया!